मेंदूची खोली : वाचनालयात संवेदनांचे प्रयोग मांडतानाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं आमचं वाचनालय आहे. त्याची मागची खोली समितीनं मला २६ जानेवारीपर्यंत वापरायला दिली. त्या दिवशी झेंडावंदन झालं की ती सगळ्यांसाठी उघडायची. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. डोळ्यातल्या अंधबिंदूवर मुलं चार गुणांचं उत्तर बिनचूक लिहितात, पण तो बिंदू आपल्याच डोळ्यात आहे हे त्यांतल्या कुणीही करून पाहिलेलं नसतं. त्यासाठी ही खोली. समितीनं दोन हजार रुपये मंजूर केलेत, वरचा खर्च माझा. मदतीला बारावीची सहा मुलं.

कुणाला आपल्या गावात असंच काही मांडायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी. काय बिघडलं ते जास्त लिहिते आहे.

१४ नोव्हेंबर

पहिली छपाई पूर्ण वाया गेली. ४२० रुपये.

अंधबिंदूच्या कार्डावर डावीकडं फुली आणि उजवीकडं ठिपका असतो. डावा डोळा झाकून उजव्यानं फुलीकडं बघायचं आणि कार्ड हळूहळू जवळ आणायचं. एका ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. मी कार्ड छोटं, खिशात मावेल असं करायला गेले आणि दोन्हींत चारच सेंटिमीटर अंतर ठेवलं. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून साधारण १५ अंश बाजूला असतो. म्हणजे चार सेंटिमीटरला कार्ड डोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर आणावं लागतं. मुलांना जमलं. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र इतक्या जवळची फुलीसुद्धा धूसर दिसते, मग ठिपका गेला की नुसता पुसट झाला हे त्यांना सांगताच येईना. वाचनालयाच्या शिपाईमामांनी तीनदा प्रयत्न केला आणि "माझ्या डोळ्यात नसंल ते" म्हणून कार्ड परत दिलं.

आठ सेंटिमीटर ठेवा. मग अंतर तीस सेंटिमीटर येतं, चष्मा लावूनही जमतं.

२० नोव्हेंबर

दुसरी छपाई, ३८० रुपये. या वेळी ठिपक्यातून एक आडवी रेघही काढून घेतली. ठिपका गायब होतो, पण रेघ तुटत नाही, सलग दिसते. मला ही गोष्ट ठिपका जाण्यापेक्षा मोठी वाटते. डोळ्याच्या पडद्यावर त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, तिथून दृष्टीची नस बाहेर पडते. तरीही दिसण्यात भोक पडत नाही, कारण आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. एडमे मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात ही जागा शोधली. त्याआधी माणसं हजारो वर्षं एका डोळ्यानं नेम धरत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

शिपाईमामांना आज जमलं. पुढचा अर्धा तास ते येणाऱ्या प्रत्येकाला कार्ड दाखवत होते. फक्त आधीच सांगून टाकत होते, "ठिपका जाणार बघा." असं सांगितलं की लोक ठिपक्याकडंच बघतात आणि तो जात नाही. मामांना विनंती केली : फक्त फुलीकडं बघायला सांगायचं आणि विचारायचं, "काय दिसतंय?" खोलीतल्या सगळ्या टेबलांना आता हाच नियम. आधी सांगायचं नाही, विचारायचं.

२३ नोव्हेंबर

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

जॉन रिडली स्ट्रूप यांचा १९३५ सालचा प्रयोग. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचायला शिकलेल्या माणसाला न वाचणं जमत नाही. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, म्हणून मी दोन तक्ते केले, एक मराठी आणि एक तेलुगू. हे फार छान जमलं. दोन्ही लिप्या वाचणारी मुलगी दोन्ही तक्त्यांवर अडखळली. फक्त मराठी वाचणारा मुलगा तेलुगू तक्ता भराभर म्हणून गेला. त्याच्यासाठी ती अक्षरं म्हणजे नुसती नक्षी.

मग आमच्यातलाच एक जण पुढं आला. त्याला तेलुगू येत नाही, तरी तेलुगू तक्त्यावर तो चुकत होता. "काय बे, हिरव्याला लाल म्हणतोस?" मागून कुणीतरी ओरडलं, सगळे हसले. मीही पहिल्यांदा म्हणाले, नीट बघ. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माझ्या ध्यानात आलं आणि मी तक्ता गुंडाळून ठेवला.

लाल-हिरव्या रंगातला भेद कमी दिसणं हे मुलग्यांमध्ये बऱ्यापैकी आढळतं. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असतात, मुलाकडं ते एकच असल्यामुळं दुसऱ्याकडून भरपाई होत नाही. बहुतेकांना शाळा संपेपर्यंत कळतही नाही. हे सगळं मी वर्गात शिकवते. आणि तरी चार पोरांसमोर त्याला उभं केलं. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याचे मामा रेल्वेत इंजिन चालवतात, आणि यालाही तेच व्हायचं होतं. सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं गाव, इथं अशी स्वप्नं पुष्कळ घरांत असतात. त्या नोकरीला रंगांची तपासणी कडक असते. मी इतकंच म्हणाले की डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या, ठिपक्यांच्या अंकांची एक साधी चाचणी असते. तो गप्प होता. आई म्हणाली, "लहानपणी कच्ची-पिकी मिरची निवडताना चुकायचा, आम्ही रागवायचो."

बदल : तक्त्यात आता निळा, काळा, केशरी एवढेच रंग. तक्ते घरच्या स्केचपेननं पुन्हा केले. कुणी हा प्रयोग करणार असाल तर लाल-हिरवा जोडीनं वापरू नका, आणि घोळक्यात घेऊ नका.

१ डिसेंबर

तो मुलगा आज आला. डॉक्टरकडं जाऊन आला होता. अंदाज खरा निघाला. रबरी हाताचं टेबल मी सांभाळतो म्हणाला.

३ ते १० डिसेंबर

रबरी हात. बॉटविनिक आणि कोहेन यांनी १९९८ मध्ये हा प्रयोग मांडला. आपला हात आडोशामागं, समोर खोटा हात. दोन्हींच्या एकाच बोटावरून एकाच वेळी ब्रश फिरवत राहायचं. थोड्या वेळानं स्पर्श त्या खोट्या हातावर होतोय असं वाटू लागतं.

आमचा आठवडा यात गेला. आधी सर्जिकल हातमोज्यात प्लास्टर ओतलं, १८० रुपये. बोटं फुगली, अंगठा पिचला, कुणालाही काही वाटेना. मग एका मुलानं युक्ती काढली. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली, कपड्यांच्या दुकानांत पुतळे उभे. नवी पेठेत एका दुकानदारानं मोडक्या पुतळ्याचा हात २५० ला दिला. आनंदानं आणला, आणि मांडताना लक्षात आलं की हात उजवा आहे आणि आम्ही खोकं डाव्यासाठी कापलंय. तरी करून बघितलं. डाव्या हाताच्या जागी उजवा ठेवला तर काहीच होत नाही. नवं खोकं कापलं.

यानंतरही निम्म्या लोकांना जमेना. कारण शोधायला दोन दिवस लागले. ब्रश धरणारी मुलगी खऱ्या हातावर किंचित उशिरा ब्रश टेकवत होती, कारण तिची नजर खोट्या हातावर होती. ताल चुकला की भ्रम मोडतो. डोळ्यांनी पाहिलेला आणि कातडीला कळलेला स्पर्श एकाच क्षणी आला तरच मेंदू दोन्हींचा धनी एक मानतो. मुलांनी टाळी देऊन ताल पक्का केला.

जे उपयोगी पडलं ते असं. दोन हातांमधलं अंतर १५ सेंटिमीटर. दोन्ही एकाच दिशेला. खांद्यापासून खोट्या मनगटापर्यंत कापड टाकायचं, म्हणजे मधली मोकळी जागा दिसत नाही. त्यासाठी मी घरची चादर आणली, सोलापुरात ती काही शोधायला लागत नाही. ब्रश दोन्ही सारखे, साठ रुपये. हाताचा रंग पुतळ्यासारखा गोरापान होता. त्यानं काही अडलं नाही. दोन मिनिटांनी डोळे मिटायला लावून, दुसऱ्या हातानं टेबलाखालून आपलं बोट कुठं आहे ते दाखवायला सांगायचं. लोक दोन-तीन सेंटिमीटर खोट्या हाताच्या बाजूला सरकून दाखवतात. नुसतं "वाटलं का?" विचारण्यापेक्षा हे बरं, कारण भिडेखातर 'हो' म्हणणारे खूप असतात.

एक ताकीद. शेवटी खोट्या हातावर हातोडी मारून दाखवायची पद्धत आहे. एका मुलानं न विचारता मारली. बसलेल्या मुलीनं हात इतका जोरात ओढला की कोपर खोक्यावर आपटलं, सुजलं. आमच्या खोलीत हातोडी नाही.

१३ डिसेंबर

दुपारी वाचनालयात बसून तक्ते रंगवत होतो. वीज गेली. पंखा थांबला, आणि त्याबरोबर मागच्या गल्लीतले यंत्रमाग थांबले. खोलीतल्या सहाही जणांनी एकाच वेळी मान वर केली. समोर पेपर वाचणाऱ्या आजोबांनीसुद्धा. तोवर मागांचा आवाज येतोय हे कुणाच्या लक्षात नव्हतं. दोन तास तो चालू होता.

कानानं तो सगळा वेळ ऐकला होता, नाहीतर थांबल्याचं कळलं कसं असतं? येवगेनी सोकोलोव या रशियन शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मेंदू रोजच्या आवाजाचा एक साचा बांधून ठेवतो. साच्याबरहुकूम चाललं की तिकडं लक्ष जात नाही. फरक पडला, अगदी आवाज बंद झाला तरी, मान वळते.

(ही भर नंतरची.) याचं टेबल करायला मी आठवडा घालवला आणि सोडून दिलं. मागाचा आवाज फोनवर घेऊन लावला तर लोक पहिल्यापासून स्पीकरकडंच बघत राहिले. शेवटी दारावर एक पाटी लावली : 'इथं उभं राहून, आत्ता कोणकोणते आवाज येत आहेत ते बोटांवर मोजा.' खर्च शून्य. पूर्व भागातले लोक माग शेवटी मोजतात. जुळे सोलापूर या दुसऱ्या वस्तीतून आलेली पाहुणी तो पहिला सांगते, तिला त्याची सवय नाही.

१८ डिसेंबर

मेंदूचा नमुना. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, तो हातात घेऊन बघावा अशी इच्छा. गणपतीतून उरलेली शाडू होती, १३०० ग्रॅम तोलून घडवली. वजन बरोबर, पण गोळा नारळाएवढाही होईना. शाडू पाण्यापेक्षा बरीच जड. मेंदू जवळपास पाण्याइतक्याच घनतेचा. चूक कळल्यावर उत्तर सोपं होतं : जाड प्लास्टिकच्या पिशवीत एक लिटर तीनशे मिलि पाणी. वजनही बरोबर, आकारमानही, आणि हातात डुचमळतं तेही खरं, कारण मेंदू अतिशय मऊ असतो. खुल्या दिवसासाठी चायना ग्रास घालून एक गोळा खरवसासारखा मऊ लावायचा. तो दुसऱ्या दिवशी आंबतो, पिशवी टिकते.

पाटीवर एकच वाक्य : शरीराच्या वजनाचा पन्नासावा भाग, पण खाल्लेल्या अन्नातली पाचवा हिस्सा ऊर्जा याची.

२२ डिसेंबर

दोन टोकांचा स्पर्श. अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये लाइपझिगला हे मोजलं. कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवायची, किती जवळ आणली की ती एकच वाटतात ते बघायचं. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर, हाताच्या कोपराखालच्या भागाला तीन-चार सेंटिमीटर. कंपासची टोकं टोचतात, म्हणून आयटीआयमधल्या ओळखीच्या सरांकडून व्हर्नियर (बारीक अंतर मोजायचं साधन) आणून त्याला दातकोरणीची बोथट टोकं चिकटवली. दोन्ही टोकं एकदम टेकली पाहिजेत, आणि मधून मधून एकच टोक लावायचं, नाहीतर लोक अंदाजानं 'दोन' म्हणत सुटतात.

माझ्या मनात या टेबलाची राणी ठरलेली होती, आमच्या शेजारच्या अक्का. चाळीस वर्षं विड्या वळल्यात. तेंदूचं पान, चिमूटभर जर्दा, दोन बोटांत एक वळसा, दोरा. हात बघत नाहीत, बोलणं चालू असतं. अशी बोटं दीड मिलिमीटरसुद्धा ओळखतील, मुलांना दाखवू, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अक्का आल्या, डोळ्यांवर रुमाल बांधला. तीन मिलिमीटर : "एक." चार : "एक." पाचाला कुठं "दोन" म्हणाल्या. आमच्या मुलांपेक्षा वाईट. मी काही बोलले नाही, पण मुलांचे चेहरे त्यांना रुमाल सोडल्यावर दिसलेच. "काय गं, नापास का?" मी समजावायला गेले, वयानं स्पर्श मंदावतो, कातडीला घट्टे पडलेत. अक्का बोटांकडं बघत म्हणाल्या, "या बोटांवर दोन पोरींची लग्नं केलीत." आणि निघून गेल्या.

२४ डिसेंबर

अक्कांच्या घरी गेले. त्या सुपात पानं घेऊन बसल्या होत्या. मी मुकाट्यानं बघत बसले. वळलेली प्रत्येक विडी टाकायच्या आधी अंगठा आणि तर्जनीत एकदा फिरते. क्षणभरच. मध्येच एक विडी बाजूला पडली.
"ही का काढली?"
"पोकळ हाय की."
मी हातात घेतली. मला काही कळेना. दुसरी चांगली विडी आणि ही, दोन्ही सारख्याच. अक्कांनी ती उलगडली. एका टोकाला जर्दा कमी होता.

तेव्हा उलगडा झाला. मी अक्कांचं बोट स्थिर ठेवून त्यावर टोकं टेकवली होती. त्यांचं कसब बोट हलण्यात आहे. जेम्स गिब्सन यांनी १९६२ मध्ये नेमका हाच भेद मांडला होता. बिस्किटांचे साचे तळहातावर नुसते दाबले तर आकार ओळखायला अवघड, तेच बोटांनी चाचपून बघू दिले तर सोपे. हलणारं बोट स्नायूंकडून, सांध्यांकडून, कातडीच्या ताणाकडून खबर आणतं, आणि मेंदूला माहीत असतं की बोट आपण हलवतोय. हे मी शिकवलेलं आहे. अक्कांना बोलावताना आठवलं नाही. चूक मोजमापाच्या निवडीत होती, आणि ती मी अक्कांच्या बोटांच्या नावावर टाकली होती. तसं त्यांना सांगितलं, माफी मागितली.

अक्का म्हणाल्या, "मग विड्याच ठेव टेबलावर." मुलांच्या खोलीत तंबाखू नको, मी म्हणाले. थोडा वेळ विचार करून त्या उठल्या, स्वयंपाकघरातून रव्याचा डबा आणला. वहीच्या कागदाच्या दहा सुरळ्या, रवा भरून, दोऱ्यानं बांधून. तीन पोकळ. सगळं मिळून दहा मिनिटं.

या प्रकल्पातलं सगळ्यात चांगलं टेबल हे, आणि ते माझं नाही.

कृती : आधी डोळे मिटून सुरळी स्थिर बोटावर नुसती ठेवायची, भरलेली की पोकळ ते विचारायचं. मग दोन बोटांत फिरवू द्यायची, पुन्हा विचारायचं. दोन्ही उत्तरांची नोंद. रवा बारीक घ्या, जाड रव्याच्या गाठी कागदातून हाताला लागतात आणि उत्तर फुटतं. सुरळ्या दमट झाल्या की नव्या करा.

५ जानेवारी

आरशातलं रेखाटन. चांदणीच्या दुहेरी रेघांमधून, हात न बघता, फक्त आरशात बघून पेन्सिल न्यायची. आरसा २२० रुपये. काठाला चिकटपट्टी न लावता ठेवला आणि एकाचं बोट कापलं, आता चारही कडांना लावली आहे. हात झाकायला चपलांच्या खोक्याचं झाकण.

माझी वेळ : पहिल्यांदा २ मिनिटं ४० सेकंद, दहाव्यांदा ४८ सेकंद. दुसऱ्या दिवशी सुरुवातच ५५ सेकंदांनी झाली. टेबलामागं हेन्री मोलेसन यांची गोष्ट लिहून लावली. १९५३ साली अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) बराच भाग काढला. पुढं नव्या घटनांची आठवण राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना तीन दिवस हीच चांदणी काढायला दिली. हात दिवसागणिक सुधारत गेला, पण हे आपण आधी कधी केलंय हे त्यांना एकदाही आठवलं नाही. मुलांना वाचून दाखवताना रबरी हात सांभाळणारा तो मुलगा म्हणाला, "म्हणजे हाताला माहीत, त्यांना नाही." मी तेच वाक्य पाटीवर घेतलं.

११ जानेवारी

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी, मुलं येणार नाहीत, काम आठवडाभर बंद. त्याआधी चटणीचं टेबल तपासलं. नाक दाबून शेंगाचटणी जिभेवर ठेवायची : खारट आणि तिखट. नाक सोडलं की लसूण, जिरं, भाजका शेंगदाणा एकदम येतात, कारण ते घशामागून नाकात पोचणारे वास आहेत, जिभेचं काम नाही. तिखटही चव नव्हे. उष्णतेनं भाजल्याची खबर देणारा जो ग्राहक (नसेच्या टोकावरचं प्रथिन) सुमारे ४३ अंशांच्या पुढं जागा होतो, त्यालाच मिरचीतला कॅप्सेसिन हा तिखट पदार्थ चेतवतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये ओळखला, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चटणी २०० रुपयांची. शेंगदाणा सोसतो का ते प्रत्येकाला आधी विचारायचं, आणि हात धुवायला पाणी टेबलाशेजारीच हवं. चटणीचा हात डोळ्याला लागून एक मुलगी अर्धा तास रडली.

२६ जानेवारी

सकाळी साडेनऊ ते दीड. वहीत एकशे तेरा सह्या. सगळ्यात लांब रांग रबरी हाताला, सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले सुरळ्यांपाशी. तीन वाटीतल्या पाण्याचा प्रयोग बंद करावा लागला. एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात, तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागतं, असा तो प्रयोग आहे. गरम पाणी पंधरा मिनिटांत निवायचं. १५० रुपयांचा थर्मामीटर त्याच्यासाठीच घेतला होता. थर्मासशिवाय हे टेबल मांडू नका.

अक्का अकरा वाजता आल्या, सोबत गल्लीतल्या चार विडी कामगार बायका. टेबलावर बसून त्यांनी दहाच्या दहा सुरळ्या निवडल्या, एकही चूक नाही. मग अक्का उठल्याच नाहीत. दीड वाजेपर्यंत लोकांना त्याच शिकवत होत्या, "दाबू नको, फिरव."

१ फेब्रुवारी

हिशेब. छपाई दोन्ही मिळून ८००, प्लास्टर आणि मोजे १८०, पुतळ्याचा हात २५०, ब्रश ६०, आरसा २२०, थर्मामीटर १५०, चायना ग्रास ९०, चटणी २००. एकूण १९५०. यातले ६०० सरळ वाया. वेळ धरला तर रबरी हातानं आठ दिवस खाल्ले, मागांच्या आवाजानं सात.

बार्शीच्या एका शिक्षिकेनं सगळं साहित्य मागितलं आहे. दोन खोक्यांत बांधून ठेवलं. व्हर्नियर परत केला, त्यांनी आपला शोधावा. सुरळ्या अक्कांनी नव्या करून दिल्या, वीस, त्यातल्या सहा पोकळ. कुठल्या ते मला सांगितलं नाही. मेंदूची पिशवी रिकामी करून घडी घातली आहे. तिकडं पोचल्यावर भरून घ्यायची, एक लिटर तीनशे मिलि.